लाल शाईखालचं ‘पास आउट’

कागद एकच होता. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने अमेरिकेतल्या विद्यापीठात प्रवेशासाठी इंग्रजीत निवेदन लिहिलं होतं आणि माझ्याकडे तपासायला दिलं होतं. सोप्यात बसून वाचत होते. दुसऱ्याच ओळीत ‘आय पास्ड आउट इन २०२३’ आलं आणि सवयीने लाल पेन चाललं. शब्द खोडून वर ‘ग्रॅज्युएटेड’ लिहिलं.

समोर तात्या बसले होते. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार होऊन घरी आले त्याला वीस वर्षं झाली. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला ते रंगरुटांचे उस्ताद होते आणि मधली तीन वर्षं खडकवासल्याला, एनडीएत, ड्रिल उस्ताद. कॅडेटच्या बुटाची सुटलेली लेस त्यांना मैदानाच्या टोकावरून दिसायची. माझी लाल रेघ तर हातभरावर होती.

“हे का खोडलंस?”

“चूक आहे म्हणून.”

“काय चूक? पोरगी पास आउट झाली की नाही २०२३ला?”

“झाली. पण तात्या, अमेरिकेत ‘पास आउट’ म्हणजे शुद्ध हरपणं. चक्कर येऊन पडणं, नाहीतर दारू जास्त होऊन आडवं होणं. तिकडे वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पहिलं चित्र ते येईल.”

तात्यांनी पेपराची घडी घातली आणि मांडीवर ठेवली. आता ते बोलणार हे मला कळलं.

“खडकवासल्याला मी सहा पासिंग आउट परेडी पाहिल्या. मेअखेरीला एक, नोव्हेंबरअखेरीला एक. खेत्रपाल मैदानावर पोरं उभी राहतात तेव्हा अंगावर काटा येतो. तीन वर्षं, सहा टर्म, आम्ही त्यांना रगडलेलं असतं. शेवटी धीम्या चालीत, त्या निरोपाच्या सुरावर पोरं क्वार्टरडेकवरून जातात, ‘अंतिम पग’ ही शेवटची पायरी ओलांडतात आणि अकादमीच्या बाहेर पडतात. ३० मे २०२५ला त्यातल्या १७ पोरी होत्या. एनडीएतून बाहेर पडलेल्या पहिल्या पोरी. सगळ्या पेपरांत छापून आलं, पास आउट झाल्या. त्या काय बेशुद्ध पडल्या?”

याचं उत्तर माझ्याकडे होतं, आणि मला ते लगेच द्यायचं होतं. “ती लष्करी इंग्रजी आहे. इंग्रजांच्या कोशात हा अर्थ आहेच: लष्करी शिक्षण पुरं करून संस्थेतून बाहेर पडणं. त्यांच्याकडे अग्निशमन दलाचे, पोलिसांचे शिकाऊसुद्धा असेच ‘पास आउट’ होतात. पण कॉलेजातून बी.एस्सी. झालेली मुलगी ‘पास आउट’ झाली असं इंग्लंडात कुणी म्हणत नाही. आणि अमेरिकेत तर…”

“म्हणजे शब्द बरोबर आहे. जागा आपण बदलली.”

“हो.”

“मग ‘जागा बदलली’ असं लिही. ‘चूक’ कशाला लिहितेस?”

मी गप्प झाले, पण पटलं नव्हतं. म्हणून मी त्यांना माझ्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली. हुशार मुलगा. आईवडील दोघंही शेतात राबणारे. एका परदेशी कंपनीची ऑनलाइन मुलाखत होती. ओळख करून देताना त्याने आपण कुठल्या साली, कुठल्या कॉलेजातून ‘पास आउट’ झालो ते सांगितलं. पडद्यावरचे दोघं एकमेकांकडे पाहून हसले. ते का हसले हे त्याला कळलं नाही, आणि त्यांनी सांगितलंही नाही. पुढची सगळी मुलाखत तो आपल्याच शब्दांना घाबरत बोलला. रात्री फोन करून मला म्हणाला, “मॅडम, मी कुठं चुकलो तेवढं सांगा.” तो फोन मी विसरू शकत नाही. माझं लाल पेन त्या रात्रीपासून जास्त कडक झालं आहे.

“हसणारे चुकले,” तात्या म्हणाले. “समोर उभ्या राहिलेल्या पोराला हसू नये. उस्तादसुद्धा हसत नाही.”

“मान्य. पण कोण चुकलं ते ठरवून त्याला नोकरी मिळत नाही.”

यावर तात्या काही बोलले नाहीत. वहिनीने चहा आणून ठेवला होता. तो निवला तरी दोघांनी हात लावला नाही.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “एक सांग. एकाच शब्दाचे दोन इतके उलटे अर्थ कसे झाले? एकात माणूस छाती काढून चालतो, दुसऱ्यात जमिनीवर पडतो. ‘पास’ तोच, ‘आउट’ तोच.”

हा प्रश्न मला वर्गात कधी कुणी विचारला नव्हता, कारण वर्गात मी तो विचारू दिला नव्हता. अकरावी-बारावीला आम्ही ही क्रियापदं यादीने शिकवतो. डाव्या रकान्यात ‘लुक आफ्टर’, ‘लुक इनटू’, ‘गिव्ह अप’, ‘पुट ऑफ’, उजवीकडे अर्थ, खाली गाळलेल्या जागा. मुलं पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. बावीस वर्षं मी हेच केलं.

तात्यांना उत्तर देताना मला यादी टाकून द्यावी लागली. “‘आउट’ दोन आहेत,” मी म्हटलं. “एक दाराचा ‘आउट’. आतून बाहेर. ‘गो आउट’, ‘वॉक आउट’. तुमच्या परेडचा ‘आउट’ हा. कॅडेट खरोखरच एक पायरी ओलांडून बाहेर जातो. दुसरा दिव्याचा ‘आउट’. असलेलं विझणं, संपणं. ‘द लाइट वेंट आउट’, दिवा विझला. ‘डाय आउट’, वंश संपणं. ‘ब्लॅक आउट’, ‘नॉक आउट’. शुद्ध हरपण्याचा ‘आउट’ हा. माणूस दिव्यासारखा विझतो. परेडच्या ‘पास आउट’मध्ये माणूस दाराबाहेर जातो, दुसऱ्यात त्याची शुद्ध मालवते.”

“आणि तिसरा?”

“आहे की. वाटण्याचा ‘आउट’. एकाकडून अनेकांकडे. अमेरिकन शिक्षक परीक्षेत पेपर ‘पास आउट’ करतो, म्हणजे पेपर वाटतो. याशिवाय ब्रिजच्या डावात चौघांनीही ‘पास’ म्हटलं तर तो डाव ‘पास्ड आउट’. आणि आयर्लंडला गाडी पुढच्या गाडीला मागे टाकून जाते तेव्हा ती तिला ‘पास आउट’ करते.”

तात्या पुढे सरकले. “आयर्लंडवाल्यांचं ते कुणी खोडतं का लाल पेनाने?”

इथे मी अडकले. आयरिश माणसाचा ‘पास आउट’ कोशात ‘आयरिश वापर’ म्हणून मानाने बसतो. लष्कराचा ‘ब्रिटिश लष्करी वापर’ म्हणून बसतो. देशभर बायोडेटात, लग्नाच्या स्थळाच्या माहितीत, कॉलेजच्या स्नेहमेळाव्याच्या फलकावर दिसणारा आमचा मात्र माझ्या हाताखाली ‘चूक’ म्हणून येतो. आणि तो मराठी तोंडात इतका घट्ट का बसला, याचं कारण तात्यांनीच मला दाखवलं.

“तू कॉलेज संपवलंस तेव्हा तुझा बाप काय म्हणायचा आठवतं? ‘पोरगी यंदा कॉलेजातून बाहेर पडली.’ बाहेर पडली. पास झाली आणि बाहेर पडली. पास, आउट. आणखी काय पाहिजे?”

खरंच की. ‘कॉलेजातून बाहेर पडलो’ हे आपलं अस्सल मराठी बोलणं आहे. त्यात नापास होऊन बाहेर पडल्याचा वास नाही, पळून गेल्याचा नाही. शिक्षण पुरं झालं एवढंच. ‘पास होणे’ आपल्याकडे केव्हाच मुरलेलं होतं. ‘आउट’ने त्याला दार मिळालं. इंग्रजी शब्द मराठी साच्यात चपखल बसला, म्हणून तो सुटत नाही.

मग मी त्यांना माझ्या विषयाची एक गोष्ट सांगितली, कारण ती मला मनापासून आवडते. या क्रियापदांना इंग्रजीत ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव तसं अलीकडे पडलं. लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५च्या पुस्तकात ते आलं आणि ते सुचवणारे होते ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली. पण डोकेदुखी जुनी. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की क्रियापदामागे छोटा शब्द जोडून अर्थ फिरवण्याची ही रीत परक्या माणसाला सगळ्यात जड जाते. त्याच्याही आधी, हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत, जाळणं आणि जाळून टाकणं यांतला फरक क्रियापदाच्या पुढे ‘फॉर’ हा उपसर्ग लावून दाखवत. पुढे तो उपसर्ग मागे पडला आणि ते काम क्रियापदामागच्या ‘अप’ने उचललं. म्हणून आजचं ‘बर्न अप’.

“आपल्याकडे संस्कृतात उपसर्ग पुढे असतो,” मी म्हणाले. “एकच ‘हृ’ धातू. प्रहार, आहार, विहार, संहार, परिहार. घाव घालणं कुठे आणि जेवणं कुठे. आणि वेदांच्या भाषेत तर हे उपसर्ग अनेकदा धातूला चिकटलेलेही नसत, वाक्यात सुटे फिरत.”

“ते पंडितांचं झालं. आपलं मराठी सांग,” तात्या म्हणाले, आणि मग स्वतःच सांगू लागले. त्यांच्या कंपनीत एक तमिळ हवालदार होता. बेळगावात राहून मराठी शिकत होता, वही घालून. एक दिवस त्याने विचारलं, “‘मी बोलून बसलो’ म्हणजे बोललो आणि मग खाली बसलो?” तात्यांनी त्याला एक अख्खी संध्याकाळ दिली. ‘सांगितलं’ म्हणजे सांगितलं. ‘सांगून टाकलं’ म्हणजे मनावरचं ओझं उतरवलं. ‘सांगून बसलो’ म्हणजे सांगायला नको होतं, आता पस्तावतोय. ‘सांगून ठेवलं’ म्हणजे पुढे उपयोगी पडेल म्हणून आधीच. ‘सांगून पाहिलं’ म्हणजे ऐकलं नाही. “टाकणं, बसणं, ठेवणं, पाहणं,” तात्या म्हणाले, “रोजची कामं. पण दुसऱ्या क्रियापदाच्या शेपटीला बांधली की मन बोलायला लागतं. तो हवालदार म्हणायचा, तुमचं मराठी फार फसवं.”

मराठी माणसाला ‘फ्रेजल व्हर्ब’ अवघड का जावी हे कोडं मला त्या दुपारी वेगळं दिसलं. ‘गिव्ह अप’ आणि ‘सोडून देणं’. ‘ईट अप’ आणि ‘खाऊन टाकणं’. हे यंत्र आपल्या घरात चालू आहे. ते इंग्रजीचं म्हणून आम्ही मुलांपुढे ठेवतो आणि मुलं बिचकतात.

दुसरंही एक कारण आहे. आपल्याकडे इंग्रजी कचेरीतून, कोर्टातून, पुस्तकातून आली. म्हणून खेड्यातल्या माणसालाही ‘पोस्टपोन’ कळतं, ‘पुट ऑफ’ कळत नाही. ‘इन्व्हेस्टिगेशन’ कळतं, ‘लुक इनटू’ला अडखळतो. ही छोटी छोटी क्रियापदं इंग्रजांच्या स्वयंपाकघरात, खेळाच्या मैदानावर, आईच्या रागावण्यात वाढली. तिथे आपला शिरकाव नव्हता.

“आमचा होता,” तात्या म्हणाले. “पलटणीत इंग्रजी पुस्तकातून आली नाही. ‘फॉल इन’ म्हटलं की रांगेत. ‘स्टँड टू’ म्हटलं की पहाटेच्या अंधारात मोर्च्यावर हत्यार घेऊन तयार. ‘लाइट्स आउट’ म्हटलं की दिवे बंद. अर्थ विचारायला वेळ कुणाला? पाय शिकायचे.”

“आणि ‘फॉल आउट’?”

“रांग सोडून जा.”

“माझ्या पुस्तकात ‘फॉल आउट’ म्हणजे भांडण होऊन फाटणं.”

तात्यांनी मान हलवली. “ज्याची त्याची परेड.”

इथे मी त्यांना सोडलं नाही. शब्द आपला झाला म्हणून तो हवा तसा वाकवायचा का, हा माझा प्रश्न होता. मुलं आता ‘आय ॲम २०२३ पासआउट’ लिहितात. ‘आय पास्ड आउट माय डिग्री’ लिहितात. यातलं पहिलं कुठून आलं ते मला ठाऊक आहे. मराठी ही क्रियापदं नाम करून घेते आणि मग त्यांना ‘करणे’, ‘होणे’ जोडते. चेकअप करणे, फॉलोअप घेणे, ट्रॅक्टर ब्रेकडाउन होणे. ज्या गाडीतून आमचा भाजीपाला बाजारात जातो तिचं तर नावच पिकअप. तसंच ‘पास आउट होणे’. मराठीत हे उत्तम चालतं. पण तेच नाम मुलं परत इंग्रजीत नेतात, आणि तिथे मराठीचं व्याकरण इंग्रजीच्या अंगरख्यात उभं राहतं. ‘कोप अप विथ’ही तसंच. ‘कीप अप’, ‘कॅच अप’ ऐकून ऐकून एक ‘अप’ जास्तीचा चिकटला. मूळ शब्द फक्त ‘कोप विथ’.

“त्याने कुणाचं काय अडलं? अर्थ तर कळतो,” तात्या म्हणाले.

“तुम्ही रंगरुटाला असं म्हणू द्याल? डावा पाय आधी टाकला काय आणि उजवा टाकला काय, पोचलो तर खरं?”

हा माझा एकच बाण त्यांना नेमका लागला. ते बराच वेळ अंगणाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “नाही देणार. पण बेळगावात रंगरुटाची नऊ-दहा महिन्यांची ट्रेनिंग संपून तिरंग्यापुढे शपथ व्हायची ना, त्याला पोरं पासिंग आउट म्हणायची नाहीत. कसम परेड म्हणायची. पत्रिकेवर इंग्रजीत काहीही छापलेलं असो. साहेब लोकांसमोर पासिंग आउट, घरी पत्र लिहिताना कसम परेड. एकाच पोराला दोन्ही यायचं. मी कधी कुणाला ‘कसम परेड’ चूक आहे म्हणून सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या पोराच्या आईला काय कळलं असतं?”

तात्यांची आणि माझी तेवढ्यावर एकवाक्यता झाली, पुढे नाही. त्यांचं म्हणणं, इतकी माणसं जो शब्द एका अर्थाने वापरतात तो अमेरिकेने शिकून घ्यावा. माझं म्हणणं, अर्ज करणारी आमची मुलगी आहे आणि निवडणारे ते आहेत, तेव्हा आज तिने त्यांच्या कानाला कळेल असं लिहावं. ‘२०२३ पासआउट’ मी यापुढेही खोडणार. ‘कोप अप’ही खोडणार. भारतातल्या कंपनीच्या अर्जात ‘पास्ड आउट इन २०२३’ आलं तर मात्र हात लावणार नाही, कारण तिथे लिहिणारा आणि वाचणारा एकाच दारातून बाहेर पडलेले असतात.

संध्याकाळी मी तो कागद पुन्हा घेतला. लाल रेघ पुसता येत नव्हती. तिच्या शेजारी पेन्सिलीने लिहिलं: “हा शब्द आपल्याकडे बरोबर आहे. तिकडे त्याचा अर्थ ‘शुद्ध हरपली’ असा होतो, म्हणून या अर्जात बदल.” तात्यांनी ते वाचलं आणि ‘बरोबर आहे’च्या खाली बोटाने रेघ ओढून दाखवली.

इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना माझी एक विनंती आहे. वहीच्या समासात ‘चूक’ लिहिण्याआधी तो शब्द कुठे चालतो आणि कुठे नाही, एवढी एक ओळ लिहा. मुलाखतीत घाबरलेल्या त्या मुलाला मी ही ओळ आधी लिहून दिली असती, तर त्याला रात्री मला फोन करावा लागला नसता.

सोमवारी अकरावीच्या वर्गात मी यादी काढली नाही. फळ्यावर ‘सांगून’ एवढाच शब्द लिहिला आणि पुढची जागा मोकळी सोडली. मुलांनी तास संपायच्या आत नऊ क्रियापदं भरली. मंगळवारी त्याच जागी ‘आउट’ लिहिला.